परमेश्वर ऑपरेटर आणि लेकरांची फक्की

तुम्ही आजवर एखाद्या जेसीबीवाल्याला त्याचं नाव विचारलंय का? खरं सांगा. मशीन बघायला हातातली कामं टाकून उभे राहता. खोरं वर गेलं की माना वर, खोरं खाली आलं की माना खाली. पण त्या काचेच्या आत बसलेल्या माणसाला घरचे कोणत्या नावानं हाक मारतात, याच्याशी कुणाला काही घेणं-देणं नसतं.

मला त्याचं नाव कळलं ते भांडणात. मी त्याच्या खोऱ्यापुढं आडवा उभा होतो आणि तो वरून ओरडत होता, “सरका हो भाऊ, माजी नोकरी खायलाव का?”

मी खालून ओरडलो, “नाव सांग तुझं! पेपरात देतो!”

“परमेश्वर,” तो म्हणाला. बंदोबस्ताला आलेला शिपाई फिसकन हसला.

ते भांडण नंतर सांगतो. आधी माणूस सांगतो.

परमेश्वर मूळचा झरीचा. घरात महादेवाची भक्ती, म्हणून बापानं याचं नाव परमेश्वर ठेवलं आणि यानं पोरीचं रुद्राणी. शाळा सुटली तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आमच्या गावचे कल्याणराव म्हणजे कापसाचे व्यापारी, सेलूच्या मार्केटात त्यांची आडत. त्यांच्या ट्रॅक्टरवर परमेश्वर क्लीनर म्हणून लागला. पुढं कल्याणरावांनी मशीन घेतलं आणि याला त्यावर बसवलं. तेव्हापासून वालूरच्या रस्त्याला जमिनीखाली जे काही गेलं, ते परमेश्वरच्या हातनं गेलं. विहिरी, शेततळी, पाइपलाइनी, संडासाचे खड्डे. एकदा विहिरीत पडलेली गाभण म्हैस त्यानं पट्टा लावून अशी वर घेतली, की बाहेर आल्या आल्या ती चारा खायला लागली. एवढं मोठं लोखंडी जनावर हाताच्या तळव्यावर अंडं ठेवल्यासारखं चालवायचा.

मशीन गावात मुक्कामाला असलं की सकाळी तो रुद्राणीला मांडीवर घेऊन शाळेत सोडायचा. गेटपाशी हॉर्न वाजवायचा मान तिचा. हॉर्न वाजला की अख्खी शाळा गेटावर. कुणाचा बाप सरपंच असो नाहीतर सावकार, त्या गेटावर रुद्राणीच्या बापापुढं सगळ्यांचे बाप फिके.

आता भांडण.

फाट्यावर रस्ता रुंद करायचा हुकूम निघाला. वरून माणसं आली आणि फक्कीनं रेघा मारून गेली. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, कबड्डीचं मैदान आखतात ती. एक रेघ नेमकी चांगुणाबाईच्या टपरीतनं गेली. चहा आणि भजे, एवढ्यावर त्या बाईचं घर चालायचं. तिची लेक धम्मशीला रुद्राणीच्याच वर्गात, एका बाकावर, दोघींची खिचडी एका ताटात. चांगुणाबाईनं मुदत मागितली. रस्त्याचे साहेब गाडीची काच वर करून बसले. मी आडवा झालो, मला उचलून बाजूला टाकलं, आणि परमेश्वरनं खोरं खाली घेतलं. चूल आणि भांडी त्यानं आधी बाहेर काढू दिली, तेवढं खरं आहे. बाकीचं पत्र्याचं होतं, त्याला किती वेळ लागतो? रस्त्याच्या पलीकडं धम्मशीला पाठीवर दप्तर घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी रुद्राणी मशीनवर चढली नाही.

भांडली असती, रडली असती, तर बापाला काही बोलता तरी आलं असतं. ती काहीच बोलली नाही. मोटारसायकलवर मागं बसायची आणि गावाच्या पाण्याच्या टाकीपाशी आलं की म्हणायची, “हितंच सोडा अप्पा.” टाकीच्या पुढं वळण आहे आणि वळणापलीकडं शाळा. बापाला शाळेतल्या कुणी बघू नये, एवढीच तिची काळजी. आणि बापाची काळजी काय, तर पोरीनं पुन्हा एकदा गेटापर्यंत चला म्हणावं. कल्याणरावांच्या शेडखाली मशीनला ग्रीस भरता भरता त्यानं मला हे सांगितलं. माझ्याकडं न बघता सांगितलं. “भाऊ, धम्मशीला माज्यासंगं बोलती. काका मनती. माजीच पोरगी बोलाना.”

मी त्याला समजावलं वगैरे नाही. मला ते जमत नाही.

आता शाळेकडं चला. शाळेच्या मागं मोकळी जागा आहे. टाकीचं काम झालं तेव्हा उरलेली माती तिथं टाकली होती, तिचं टेकाड झालेलं. खणलेलं परमेश्वरनंच. ही जागा नीट करून लेकरांसाठी खेळायला काहीतरी करायचं, असं शाळा समितीत ठरलं. समितीचे अध्यक्ष कोण? कल्याणरावच. मी समितीत नाही, पण बैठकीच्या खोलीला दार असतं आणि दारात उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

कल्याणराव म्हणाले, “एक दिवस मशीन देतो, फुकट. सगळं सपाट करून घ्या. लेकरं कबड्डी खेळतील.”

संघप्रिया मॅडम परभणीहून येतात, तिसरी-चौथीला शिकवतात. त्या म्हणाल्या, “आधी लेकरांना विचारू या ना.”

“लेकरायला काय इचारायचं मॅडम? पेढा काय इचारून देतेत का?”

“पेढा नाही दादा, पण सदरा शिवताना माप घेतात की.”

कल्याणराव हसले. म्हणाले, विचारा बापा.

मॅडमनी कागद वाटले. म्हणाल्या, तुम्हाला कसं मैदान पाहिजे ते काढा. सगळ्या कागदांवर एकच चित्र. दोन डोंगर, मधून सूर्य, आणि खाली शिडीची घसरगुंडी. घसरगुंडीवर टोपी घातलेला एक गोरा मुलगा. आमच्या गावात घसरगुंडी नाही आणि तसली टोपी तर सेलूलाही मिळत नाही.

मॅडमनी एका पोराला विचारलं, “कुठं पाहिलंस रे हे?”

“पुस्तकात.”

“मग तुला हेच पाहिजे?”

तो पोरगा थोडा गांगरला. म्हणाला, “मॅडम, तुमाला कोन्तं पाहिजे ते सांगा की. तसलं काढतो.”

लेकरांना लहानपणापासून हेच शिकवलंय ना आपण. मोठ्यांच्या मनातलं उत्तर हुडकायचं आणि तेच लिहायचं. मॅडमनी कागद गोळा केले, कपाटातली फक्कीची पिशवी काढली आणि सगळी शाळा मागच्या जागेत नेली. “चला, आता तुम्ही रोज कुठं काय खेळता तिथं रेघ मारा. जे तुम्हाला ठेवायचंय त्याच्याभोवती. अक्षरं लिहू नका, पहिलीच्यांना वाचता येत नाहीत.”

मग बघा तमाशा. फक्की हातात, तोंडाला, केसात. टेकाडाभोवती एक मोठा गोल मारला, कारण खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून त्यावरून घसरायचं असतं. लिंबाखाली एक लांबोळा, तिथं पोरी गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळतात. पावसाचं पाणी साचतं त्या खोलगटाला एक वेडीवाकडी रेघ, तिथं नावा सोडायच्या. पलीकडच्या अंगाला कबड्डीची चौकट त्यांनी आपणहून आखून सोडली होती. आणि भिंतीच्या कडेला एक छोटा चौकोन. तो धम्मशीलाचा. तिथं ती दुकान-दुकान खेळायची. बाटल्यांची झाकणं म्हणजे बशा, चिखलाचे गोळे म्हणजे भजे, फुटका तवा खराखुरा.

मॅडमनी कल्याणरावांना फोन केला. रेघांच्या आत मशीन घालायचं नाही, एवढं ऑपरेटरला सांगा. कल्याणराव मार्केटात होते, मागं कापसाच्या भावावरून कालवा चालू. “हाव हाव,” म्हणाले आणि विसरून गेले.

इकडं परमेश्वरला वेगळाच हुरूप. शाळेचं काम आपल्यालाच मिळालं, हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. लेकरं यायच्या आत पहाटेच जायचं आणि मैदान असं करून ठेवायचं, की पोरीनं आल्या आल्या बघावं. तेवढ्यासाठी त्यानं आदल्या दिवशी खोरं धुतलं होतं. मशीनचं खोरं कुणी धुतं का?

उजाडता उजाडता तो पोचला. जागेभर फक्कीच्या रेघा.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं होतं कुणाला तरी. पण त्याच्या जागी बसून बघा. घराचा पाया खणायचा असला की मालक फक्की मारून देतो, त्या रेघेत खणायचं. विहिरीचा गोल फक्कीनं मारतात, त्या गोलात खणायचं. फाट्यावर फक्की मारली होती, तिथवर मोडायचं. त्याच्या सगळ्या आयुष्यात फक्कीचा अर्थ एकच. इथं खोरं घाल. रेघा वाकड्या होत्या, पण इंजिनिअरच्या तरी कुठं सरळ असतात? त्यानं टेकाडाभोवतीचा गोल बघितला आणि रेघेच्या आतून, रेघेला धक्का न लावता, व्यवस्थित टेकाड उचलायला लागला. ती माती वेड्यावाकड्या रेघेतल्या खोलगटात भरली आणि खोऱ्यानं थापटून गुळगुळीत केली. शिकलेल्या हाताचं काम होतं. निम्मं टेकाड गेलं, नावांचं तळं बुजलं, आणि मशीन भिंतीकडच्या छोट्या चौकोनाकडं वळलं.

तेवढ्यात लेकरं आली. शनिवारची सकाळची शाळा. मी मशीनचा आवाज ऐकून निघालो होतो, तोही तेव्हाच गेटाशी पोचलो.

लेकरांनी टेकाड बघितलं. पहिलीचं एक पोर मोठ्यानं रडायला लागलं. मॅडमनी हात वर करून “थांबा, थांबा” ओरडायला सुरुवात केली, पण इंजिनापुढं कुणाचं काय चालतं? आणि मग रुद्राणी धावली. मशीन अजून लांब होतं, पण तोंड तिकडंच होतं. ती जाऊन धम्मशीलाच्या चौकोनात, त्या झाकणांच्या मधोमध, मांडी घालून बसली.

इंजिन बंद झालं. एकदम एवढी शांतता, की लिंबावरचे पक्षी ऐकू आले.

परमेश्वर खाली उतरला. “रुदे, ऊठ. लागंल बाई.”

“ह्या रेघा मोडायच्या न्हाईत,” ती म्हणाली. “ठिवायच्या हायत. आमी मारल्यात.”

“मला काय ठाऊक बेटा? मला वाटलं खणायच्या...”

“इचारायचं न्हाई का? तितं बी तुमी इचारलं न्हाई.”

तितं म्हणजे कुठं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. माझ्या तोंडात एक शिवी तयार होती. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ती गिळली.

माझा अंदाज होता की तो आता निघून जाईल. गडी माणूस, सगळ्या शाळेसमोर पोरीकडनं ऐकून घेतलेलं. दुसरा असता तर मशीन घेऊन झरीला ठरलेल्या पुढच्या कामाला गेला असता, आणि टाकीपाशी उतरणारी पोरगी जन्मभर टाकीपाशीच उतरली असती. परमेश्वर तिथंच लेकरांपुढं उकिडवा बसला.

“बरं, आता सांगा. कोन्ती रेघ कशाची हाय?”

शेवटी धम्मशीला पुढं झाली. “काका, ते टेकाड होतं. तुमी बारीक केलं.”

“मग मोठं करू?”

“किती मोठं?”

“तुमी सांगाल तेवडं.”

लेकरांनी एकमेकांकडं बघितलं. आजवर त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं.

पुढं जे सुरू झालं ते मी माझ्या कुठल्याच मोर्च्यात बघितलं नाही. मॅडमनी नियम घातला, इंजिन चालू असलं की सगळी लेकरं शाळेच्या ओट्यावर, एकानंही पाय खाली टाकायचा नाही. इंजिन बंद झालं की फक्की घेऊन पळत खाली. रेघ मारायची, परमेश्वरला ओढून नेऊन दाखवायची, आणि पळत पुन्हा ओट्यावर. तो थोडं करायचा, बंद करायचा, काचेतनं मान बाहेर काढून विचारायचा, “जमलं का?” ओट्यावरनं गलका, “न्हाई न्हाई! लय उभं झालं!” मग तो पुन्हा उतरवायचा.

एका बाजूनं उतार मऊ पाहिजे, पहिलीच्यांना भीती वाटते. दुसरी बाजू मात्र चौथीची, ती खडी. टेकाडाच्या पोटातनं बोगदा पाहिजे. एक चिमुरडी म्हणाली, बोगद्यातनं पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, न्हाई तर ती जाणार नाही. एकानं समुद्र मागितला. मॅडम म्हणाल्या, समुद्र पुढल्या वर्षी बघू. एक जण म्हणाला, काकाचं मशीनच हितं ठिवा, दुसरं काही नको.

“मालकाला इचारावं लागंल त्ये,” परमेश्वर गंभीरपणे म्हणाला.

मालक आलेच. झरीहून फोन गेला होता, मशीन कुठं आहे म्हणून. कल्याणराव गाडीवरनं उतरले आणि टेकाड बघून उभेच राहिले. “आरं परमेश्वरा, सपाट कर मनलो होतो. तू त डोंगर करायलास!”

एवढ्या वर्षांत परमेश्वरनं मालकाला उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तो काचेतनंच म्हणाला, “मालक, रेघा लेकरायच्या हायत. त्यायलाच इचारा.”

कल्याणराव ओट्याकडं वळले. “कबड्डी कुठं खेळताल रे मग? माज्या डोक्यावर?”

एक पोर खाली आलं, त्यांचं बोट धरलं आणि त्यांना पलीकडच्या अंगाला नेलं. चौकट आखलेली. मधली रेघसुद्धा. “आजोबा, ही सोडली की आमी. तुमी बघितलंच न्हाई.”

कल्याणराव चौकटीत उभे राहिले. पायानं मधली रेघ चाचपली. मग खिशातनं फोन काढला आणि झरीच्या माणसाला सांगितलं, “मशीन आज येत न्हाई. उद्या.” फोन ठेवून परमेश्वरला म्हणाले, “बोगद्याला नळा कुठून आणायलास? माज्या मळ्यात सिमेंटचा एक पडलाय, तो घेऊन ये. खामखा पडून हाय.”

दुपार कलली तेव्हा एकच रेघ उरली होती. भिंतीकडचा चौकोन. तिथं मशीन शिरत नव्हतं. परमेश्वरनं कुठूनतरी पहार आणली आणि हातानं खड्डे घ्यायला बसला. चार बल्ल्या रोवायच्या, वर पत्रा टाकायचा. धम्मशीलाचं दुकान.

चांगुणाबाई आता शाळेच्या गेटासमोर हातगाडा लावते. ती सकाळपासून तिथनंच बघत होती. कमरेवर हात ठेवून आत आली.

“मेल्या, आईचं टपरं मोडलंस आन लेकीचं बांधायलास व्हय?”

परमेश्वर तसाच पहार घालत राहिला. रुद्राणी ओट्याच्या कडेला उभी, धम्मशीलाचा हात हातात घट्ट.

चांगुणाबाईनं खड्ड्यात वाकून बघितलं. मग म्हणाली, “खोल खण की जरा. वाऱ्यानं पडंल.”

तिनं धम्मशीलाच्या हाती चहा पाठवला. त्यानं पिला, पेला परत द्यायला गेला आणि तसाच वळला. बाई गाड्यावरनं ओरडली, “पैसे कोण देनार? तुजा साहेब?” त्यानं घाईघाईनं खिसा चाचपला. पोरं खो-खो हसली. तिनं त्याला माफ केलं असं मी लिहिणार नाही, तो तिचा मामला आहे. गिऱ्हाईक मात्र केलं. फाट्यावरच्या जागेचं भांडण वेगळं चालू आहे आणि ते मी सोडलेलं नाही, हे संबंधितांनी ध्यानात ठेवावं.

सोमवारी सकाळी मी त्याच गाड्यावर चहा घेत होतो. वळणावरनं परमेश्वरची मोटारसायकल येताना दिसली. मागं रुद्राणी. ती गेटापर्यंत आली, उतरली, दप्तर सावरलं, आणि मागं न बघता टेकाडाकडं पळाली. तिथं धम्मशीला तव्यावर चिखलाचे भजे टाकून बसलेली.

परमेश्वर गाडी बंद न करता तसाच उभा. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग माझ्याजवळ आला.

“टाकीपाशी थांबलो होतो भाऊ, रोजच्यासारखा,” तो म्हणाला. “उतरंचना. मी मनलं, आली टाकी. तर मनती कशी, शाळा तिकडं हाय न अप्पा.”

चांगुणाबाईनं न विचारता एक पेला त्याच्यापुढं सरकवला. त्यानं आधी पैसे काढले.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि मी कुणाकडं सहसा मागत नाही. तुमच्या गावच्या शाळेत मशीन येणार असेल, तर आदल्या दिवशी फक्कीची पिशवी लेकरांच्या हातात द्या. सकाळी मशीन यायच्या आत तुम्ही स्वतः तिथं जाऊन उभे राहा, आणि कोणती रेघ कशाची आहे ते त्या ऑपरेटरला सांगा. सांगायच्या आधी त्याचं नाव विचारा.